आईच्या फिल्मवर टिपके नव्हते

९ जानेवारी, शुक्रवार
आईनं सकाळी पाण्याचा हंडा उचलला आणि पाठीत कट् आवाज आला म्हणे. शेजारच्या शबनमचाचीनं फोन केला. कामतघरहून रिक्षात आडवी घालून हॉस्पिटलात आणली. एक्स-रे मीच काढला. अठरा वर्षं लोकांना ‘श्वास धरा, हलू नका’ सांगतेय, आज तेच आईला सांगितलं. मणका चेपलाय. हाडं ठिसूळ, वय ७२, छातीत पेसमेकर.
मो. सरांनी (आमचे हाडांचे मोठे सर) फिल्म खिडकीकडे धरली. "मधला ग्रेड. बघू." मला विचारलं असतं तर मीही मधलाच म्हटलं असतं. मला कोण विचारतंय.

१२ जाने., सोम.
रिपोर्टवाल्या मॅडमचा कागद आला. ‘सौम्य. जुनं असावं.’ जुनं! गुरुवारपर्यंत बाई हंडे उचलत होती.
ठाण्याच्या मणकेवाल्या सरांना फिल्म फोनवर पाठवली होती. त्यांचं म्हणणं, शेवटचा ग्रेड, मागची भिंत फुटलीय, स्क्रू घाला, नाहीतर पाय जातील.
बाई एक, मणका एक, फिल्म एक. ग्रेड तीन. सौम्य असेल तर पट्टा आणि आराम. शेवटचा असेल तर ऑपरेशन, आणि भूलवाले सर म्हणतात या हृदयाला भूल दिली तर टेबलावरून उठेलच असं नाही. पेसमेकरमुळे एमआरआय नाही. सीटी काढला. त्यावरही मॅडमचं एक, ठाण्याचं दुसरं. मो. सर म्हणाले, तीन आठवडे पट्टा लावू. म्हणजे त्यांनाही माहीत नाही. तसं म्हणत मात्र नाहीत.

१५ जाने.
सिधूचा फोन. धाकटा भाऊ, अंबाडीला शाळेत क्लार्क. "ताई, तू तिथंच असतेस ना गं? मग तुला कसं कळत नाही?" फोन आपटावासा वाटला. त्याला आईला अकलोलीच्या कुंडात बसवायचंय. गरम पाण्यानं हाड जुळलं असतं तर आमचं खातं कधीच बंद पडलं असतं.
आईला पट्टा टोचतो. रोज घरी आले की आधी पायाची बोटं हलवायला लावते. हलतात.

३ फेब्रु., मंगळ.
आज केलंच. आईची ९ तारखेची फिल्म घेतली, नावावर पट्टी चिकटवली, ओपीडीच्या गठ्ठ्यात मधेच सारली.
मो. सर : "सौम्य. पट्टा. नेक्स्ट."
मी फिल्म उचललीच नाही. पट्टी काढली. "सर, ही आईची. मागं तुम्ही मधला म्हणालात."
आधी लाल झाले. "माझी परीक्षा घेतेस?" बाहेर रांग. मग फिल्म पुन्हा उजेडाला धरली, बराच वेळ. आणि हळूच म्हणाले, "पण तू टिपके का नाही लावलेस?"


४ फेब्रु.
टिपके. कुठून सुरू झालं हे? नोकरीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी. गर्दी फार, सर म्हणाले, "मणका चेपलेला दिसला की तूच मार्करनं खूण करत जा गं, माझा वेळ वाचेल." मी करत गेले. थोडा चेपला की एक टिपका, बरा चेपला की दोन, पार बसला की तीन. तीच फिल्म सरांकडे, तीच मॅडमकडे, तीच ठाण्याला. तिघांचं जमायचं. आमच्याकडे मतभेद नसतात म्हणून सर पाहुण्या डॉक्टरांपुढे मिरवायचे. मीही मिरवले मनातल्या मनात.
जमायचं कसलं डोंबल. तिघं माझे टिपके वाचत होते.
आईच्या फिल्मवर माझा हात चालला नाही, म्हणून पहिल्यांदा तिघांनी मणका बघितला. आणि तिघांचे तीन.
एक बाई सारखी आठवते. पारनाक्याची, हिरव्या बांगड्या. ड्यूटी सुटायच्या घाईत तीन टिपके दिले होते मी. दोनही चालले असते. तिला स्क्रू बसले. पुढं काय झालं, मी कधी विचारलं नाही. मला डॉक्टरांचा राग येतो म्हणावं तर आधी स्वतःच्या थोबाडीत द्यावी लागेल.

९ फेब्रु., सोम.
आईच्या डाव्या पायाला मुंग्या. बोटं हलतात, अंगठा उशिरा.
तिला सगळं सांगितलं. टिपक्यांचंही. वाटलं रागवेल. तिनं तीस वर्षं लूमवर कांड्या भरल्या. म्हणाली, "कापड तेच असतं गं. तपासणारा मेहता बदलला का डाग बदलतो. आमी रोज बघायचो." थोड्या वेळानं, "मना त्या डाक्टरांचं काय कळत न्हाय. तू बघितलंस ना? तुला काय दिसतं ते सांग. तू सांगशील ते करू."
मी चहा ठेवायला उठले. पळालेच म्हणायचं.

१२ फेब्रु., गुरु.
ठाण्याचे सर शनिवारी ऑपरेशनला तयार. हो की नाही, आज संध्याकाळपर्यंत कळवायचं. मो. सर म्हणाले, नवी फिल्म काढ. दारातून परत वळले. "आणि खूण कर. तुझी नजर बसलीय." वरमलेले वाटले. की जबाबदारी ढकलत होते, कुणास ठाऊक.
नव्या फिल्मच्या आधी जुनी लाइटवर लावली. जानेवारीत या वहीत मी ‘मधला’ लिहिलंय. आज तीच फिल्म मला तीन टिपक्यांची दिसली. मणका तोच, फिल्म तीच. मधे फक्त आईच्या पायाला मुंग्या आल्या. डबा खाऊन पुन्हा पाहिली, दोनाची दिसली.
मग आईला टेबलावर घेतलं. "श्वास धर. हलू नकोस." बटण दाबलं. पडद्यावर मणका आला. मार्कर खिशात होता. मी बघत राहिले, किती वेळ ते कळलं नाही.
आतून आईचा आवाज आला, दबलेला. "सोडू का गं आता?"