खिडकीतली मनशीळ

प्रिय मायालेन,

तुझं पत्र मिळालं. नव्या घरात पूर्वेच्या खिडकीपाशी काचेचं कपाट केलंस, त्यात तुझ्या बाबाचा दगड ठेवायचाय म्हणतेस. वाचल्यापासून जिवाला स्वस्थता नाही. आधी एवढं ऐक, खिडकीत नको.

तू पोटात होतीस तेव्हा तुझ्या बाबाने, पेयोने, तो खाणीतून जेवणाच्या डब्यात लपवून आणला. रक्तासारखा लाल, आरपार. तुझी आजी ओरडली, "गाढवा, दुपारी पाव खाल्लास की दगड?" तो म्हणाला, "आई, माणिक आणलंय, आता तरी शिव्या कमी दे!" त्याच आठवड्यात बोगदा बसला. खाणवाल्यांनी तोंड बुजवलं. पेयो आतच राहिला.

आजीने दगड खिडकीत मांडला. म्हणायची, "माझं पोर अंधारात आहे, त्याच्या दगडाला तरी ऊन लागू दे." रोज उठून तो उन्हाकडे वळवायची. हळूहळू तो नारिंगी पडला. फळीवर पिवळी धूळ साचायला लागली. मेंढ्यांच्या वाटेवरची असेल म्हणून मी ती फडक्याने पुसायचो.

मग भूगर्भशास्त्राच्या एक बाई जुन्या खाणीची चौकशी करत आल्या आणि खिडकीकडे बघून दचकल्याच. "आजोबा, आधी हात धुवा! ही मनशीळ आहे, हिच्यात सोमल असतो, जहर!" सोमल आणि गंधक, खडकाच्या भेगेतल्या गरम पाण्यातून काळोखात जमलेले. उजेड लागला की आतली बांधणी मोडते. त्यातलं काही जात नाही, बाहेरचं काही येत नाही, तरी तो दगड तो राहत नाही. आजीने विचारलं, "परत अंधारात ठेवला तर?" बाई म्हणाल्या, "उरलाय तेवढा उरेल. गेलेला लाल परत येत नाही."

आजी त्या दिवशी जेवली नाही. पेयोच्या काळ्या मोज्यात गुंडाळून तिने तो पत्र्याच्या डब्यात बंद केला आणि मरेपर्यंत उघडला नाही. नुसता कानाशी धरून हलवायची. आता मी हलवतो. हलवू नये, कळतं मला. आत वाळूसारखं काही सरकतं. कधी वाटतं, कुणीतरी कूस बदलतंय.

तू बाबाला पाहिलं नाहीस. त्याच्या हातचं एवढंच उरलंय, आणि एकट्याने डबा उघडायची माझी छाती होत नाही. ये. तळघरात मिणमिणता दिवा लावू, तू उघड. लाल असला तर डोळे भरून बघ आणि लगेच झाकण लाव. पिवळी भुकटी निघाली, तर हात धू, आणि मला सांग, लाल आहे म्हणून. मोतीबिंदूमुळे दिव्याच्या उजेडात मला रंग तसेही कळत नाहीत.

तुझी वाट पाहणारा,
तुझाच आजोबा बेनात