पारूबाईंची टोपली

४ नोव्हेंबर
आले बाई एकदाची विंझरला! एसटीत मांडीवर पिंजरा. कंडक्टर चेष्टेनं सशांचंही तिकीट मागत होता. वेल्ह्याच्या बँकेत बदली झाल्यापासून एकच घोर होता, गुंड्या-चिमीसकट मला कोण ठेवून घेणार? पारूबाईंनी घेतलं. खोली ऐसपैस आहे. त्यांचे यजमान सर्जेराव शेजारच्या खोलीत अंथरुणाला खिळलेत, डावा हात पार लुळा. मी डाव्या हातानं लिहिते याचंच पारूबाईंना नवल वाटलं.

७ नोव्हेंबर
रोज सकाळी दारात टोपली! मेथी, मुळ्याचा पाला, काकडी, पेरू. मी संकोचले, तर पारूबाई म्हणाल्या, मुक्या जिवाच्या मुखी लागू दे. पाला धुऊन, निथळून देते. पेरूची फोड अगदी लहान, जास्त गोड सोसत नाही त्यांना. काकडी इतकी कोवळी की अर्धी रोज मीच मटकावते. सशांच्या तोंडचा घास, दुसरं काय!

११ नोव्हेंबर
पाल्यात मीठ-मोहरी सापडली. सशांना मीठ कशाला? पारूबाई म्हणाल्या, सांडलं असंल. आणखी एक खटकतं. टोपली ठेवून त्या तरातरा निघून जातात. हाक मारली तरी मागे वळून बघत नाहीत.

१५ नोव्हेंबर
गुंड्याचा डावा पंजा दुमडलाय. भोरच्या डॉक्टरांना काही कळेना. घरी आले तर सर्जेराव ओट्यावर बसून चहा पीत होते. कप डाव्या हातात. मला आनंद व्हायला हवा होता.

१७ नोव्हेंबर
गुंड्या गेला. चिमीचाही पंजा तसाच.
आज पहाटेच उठून दाराच्या फटीतून पाहिलं. पारूबाई भरलेली टोपली सर्जेरावांवरून उतरवत होत्या. नवऱ्याचं दुखणं उतरून माझ्या लेकरांना खायला घालत होत्या! मी तोंडाला येईल ते बोलले. त्या रडल्या, पाया पडायला आल्या. मग एकदम थबकल्या.
“मुक्या जिवाला दिलं म्या. तुमी तर त्यातलं काय खाल्लं न्हाई ना, मॅडम?”
मी नाही म्हणाले.

१८ नोव्हेंबर
चिमीही गेली. तरी दारात टोपली — आता कुणासाठी? काकडी वरच ठेवलीय, सोललेली.

१९ नोव्हेंबर
सर्जेराव अंगणात लाकडं फोडताहेत. दोन्ही हातांनी.
माझी करंगळी वळत नाही — अंगठाही — आईला फोन करायला हवा, पण आधी हे लिहून — पेन धरव