माय, तुझे दोन मिस कॉल

प्रिय माय,

उद्या दुपारी रेणुकाईच्या देवळापुढच्या मंडपात बचत गटाच्या बायका जमणार आहेत. शेजारच्या शकिला चाचीने गावभर निरोप फिरवलाय की आपला गणू येणार आणि फोनच्या चार कामाच्या गोष्टी सांगणार. मी नाही म्हणालो होतो. तीनदा म्हणालो. पण चाचीपुढे नाही म्हणून कुणी टिकलंय का आजवर? तू तरी कधी टिकलीस!

म्हणून सकाळपासून पिंपळगावात, तुझ्याच घरात वही घेऊन बसलोय. काय काय सांगायचं ते लिहून काढावं, म्हणून वर 'एक' असा आकडा घातला आणि पुढे हात चालेना. पहिली गोष्ट कोणती सांगू, माय? मला पक्की माहीत होती आणि मीच केली नाही, ती?

तू गेल्याला तीन महिने झाले. अजून कुणापुढे बोललो नाही, बायकोपुढेसुद्धा नाही. तुला वाचता येत नव्हतं हे ठाऊक आहे, तरी तुलाच लिहितोय. दुसरं कुणाला लिहू?

जालन्यात घरोघरी इंटरनेट जोडून द्यायचं हा माझा धंदा. खांबावर चढायचं, वायर ओढायची, घरात राऊटर बसवायचा आणि निघताना घरातल्या म्हाताऱ्या माणसांना सगळं समजावून सांगायचं. लोक म्हणतात, गणेशभाऊ फार शांतपणे सांगतात. शांतपणे! परक्यांच्या आयांशी मी किती गोड बोलत होतो, हे तू बघायला हवं होतंस. तुझ्यावर मात्र खेकसायचो.

आपल्या गावात लाईन आली तेव्हा पहिलं कनेक्शन तुझं. तू राऊटरला हळदकुंकू लावलंस, तिथवर ठीक होतं. मी तो मधल्या खोलीत, भिंतीवर उंच लावून गेलो. पुढच्या खेपेला येऊन बघतो तर तो ज्वारीच्या पत्र्याच्या कोठीमागे!

"आल्यागेल्याची नजर जाती रे त्याच्यावर," तू म्हणालीस. "किती नाजूक दिवे हायती त्याचे."

"माय, पत्र्यातून रेंज जात न्हाई! कोठीत भरून ठेवायचीय का रेंज?"

तू हसलीस, मीच चिडलो आणि तो पुन्हा भिंतीवर लावला. राऊटर उघड्यावर असावा, उंचावर, घराच्या मध्यात, पत्रा आणि फ्रिज यांच्यापासून लांब. वहीत 'एक'ची जागा कोरी ठेवून हे खाली लिहिलंय उद्यासाठी. सोपं आहे. हे सांगताना तरी तोंडातून आवाज फुटेल माझ्या.

व्हिडिओ कॉलचंही तसंच. किती वेळा सांगितलं की फोन हातभर लांब धर, काच पदराने पूस, उजेड तोंडावर येऊ दे. तू चार शब्द नीट बोलायचीस आणि मग सवयीने फोन कानाला लावायचीस. दोन वर्षांत मला तुझा चेहरा दिसला नसेल इतका तुझा कान दिसला. कानातलं ते झिजलेलं फूल, त्याच्याशेजारचा तीळ. "माय, कान दिसून राह्यला, तोंड दाखव!" असं ओरडायचो. आता तो कान तरी दिसावा गं. एकदा दिसावा!

तुझी आणखी एक खोड होती. दुपारी जेवण झालं की तू राऊटरचं बटण बंद करायचीस.

"सकाळधरून डोळे मिचकावून राह्यलंय बिचारं. हात लावून बघ, किती तापलंय. घटकाभर पडू दे की त्याला बी."

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी इतका हसलो की जालन्यात गिऱ्हाइकांना सांगत सुटलो, आमची माय राऊटरला दुपारची झोप देते म्हणून. नंतर मात्र राग यायला लागला. दुपारी जेवायला बसलो की तुला नेटवरून फोन लावायचो आणि पडद्यावर नुसतं 'कॉलिंग' येत राहायचं. 'रिंगिंग' येईपर्यंत समोरचा फोन वाजतच नाही, हे तुला मीच शिकवलं होतं. तुला अक्षरं येत नव्हती, तरी तू चित्रासारखी लक्षात ठेवली होतीस. "दुसरं अक्षर आलं की पोरगं सापडलं," म्हणायचीस.

आता ऐक, मी काय करून ठेवलं होतं ते. मी सगळ्यांना सांगतो की लाईट गेली की राऊटर गेला, राऊटर गेला की नेटवरचा फोन गेला, म्हणून मोबाईलचा डेटा चालू ठेवत जा, अडीनडीला तोच धावून येतो. आणि तुझ्या फोनचा डेटा मी माझ्या हाताने बंद केला होता. तू भजनं बघत बसायचीस, आठवडाभरात सगळा डेटा संपायचा. मी म्हणालो, घरात वायफाय आहे, डेटा कशाला पाहिजे? तू विचारलंससुद्धा, "आन् दुपारी रे?" मी म्हणालो, दुपारी राऊटर चालू ठेव, म्हणजे झालं.

हा माझा हट्ट होता, माय. तुला वळण लावायचा हट्ट! सत्तरीच्या बाईला!

आणि तुझा तो मिस कॉल. एक रिंग द्यायची आणि तोडायचा. आपल्याकडे घरोघरी हेच चालायचं, मला ठाऊक आहे. पण आता फोन फुकट झाला, पाहिजे तितकं बोल, तरी तुझं आपलं चालूच. मला वाटायचं, जुनी काटकसर, जाता जात नाही. गिऱ्हाइकापुढे फोन एकदाच वाजून गप्प झाला की मला लाज वाटायची. लाज वाटायची, हे आज कबूल करतो.

त्या दिवशी मी एमआयडीसीत होतो, एका गिरणीच्या मागच्या बाजूला, खांबावर. दुपारचे दोन वाजून गेले होते. खिशात फोन एकदाच वाजला आणि थांबला. तूच, दुसरं कोण? मी कमरेचा पट्टा खांबाला अडकवला, एका हाताने फोन काढला आणि नेटवरून तुला लावला. कॉलिंग. कॉलिंग. कॉलिंग. राऊटर झोपलेला.

साधा फोन लावला असता तर तुझा फोन वाजला असता. तू मिस कॉल दिलास, म्हणजे साध्या फोनला रेंज होती. हे एवढंसं डोकं चालवायला कुणाला शिकवावं लागतं का? मलाच तर सगळे विचारायला येतात!

फोन खिशात ठेवला. पाचसात मिनिटांनी पुन्हा एक रिंग. दुसरा मिस कॉल. खाली रमेश उभा होता, माझ्या जोडीला वायर धरणारा. तो म्हणाला, "लाव की भाऊ, घरून हाये का?"

आणि मी काय म्हणालो, ते ऐक. ऐकूनच घे. मी म्हणालो, "माय हाये. राऊटर बंद करून बसली असंल. चालू करस्तोवर मी फोन लावत न्हाई. त्याबिगर शिकायची न्हाई ती."

रमेश हसला. मीही हसलो आणि वायर ओढायला लागलो. त्यानंतर तुझा फोन आला नाही. मला बरं वाटलं. मनात म्हणालो, शिकली वाटतं!

साडेचारला चाची चाळणी मागायला आली आणि तिने तुला बघितलं. मधल्या खोलीत, राऊटरच्या बरोबर खाली, भिंतीला टेकून बसलेली. फोन मांडीवर, दोन्ही हातांत. चाचीने मला साधा फोन लावला, तो एका रिंगवर तुटला नाही आणि मी लगेच उचलला. डॉक्टर म्हणाले, छातीत दुखायला लागल्याबरोबर आणलं असतं तर... आणि त्यांनी वाक्य अर्धंच सोडलं. ते वाक्य मी तीन महिने पुरं करतोय. दर वेळी वेगळं होतं. एकदा तू वाचतेस, एकदा वाचत नाहीस.

मला तुझ्यापर्यंत पळत यायचंही नव्हतं. एक साधा फोन, तुझा आवाज ऐकायचा, मग चाचीला एक फोन. चाचीचं दार तुझ्या दारापासून दहा पावलांवर. तिच्या पोराची गाडी दारातच उभी होती. भोकरदनचा दवाखाना काही काशीला नाही!

त्या संध्याकाळी घर माणसांनी भरलं होतं आणि मी वर बघितलं. राऊटरचे दिवे चालू होते. दुपारची वेळ उलटून गेली म्हणून कुणीतरी लावले असतील, असं मी स्वतःला सांगितलं. पण मी पडलो या धंद्यातला. राऊटर कधी बंद झाला, कधी चालू झाला, ते मला फोनवर बघता येतं. न बघता राहिलो असतो तर बरं झालं असतं. तुझे दिवस झाल्यावर एकटाच बसून बघितलं. तुझ्या दुसऱ्या मिस कॉलनंतर तीन मिनिटांनी चालू झाला होता. लाईट त्या दिवशी गेलीच नव्हती.

म्हणजे तू उठलीस. छातीत तसं होत असताना उठलीस, भिंत धरत मधल्या खोलीत गेलीस, बटण दाबलंस आणि रेंज चांगली येते तिथे, मी दाखवलं होतं अगदी तिथेच, बसून राहिलीस. पोराला नेटवरून लावायचंय ना, मग लावू दे. सगळं मी सांगितल्यासारखं केलंस. शिकली होतीस, माय! आणि ज्याच्यासाठी केलंस तो खांबावर हसत होता.

मग तू का नाही लावलास? माझ्या फोटोवर बोट ठेवायचं होतं फक्त! साधा फोन पूर्ण वाजू द्यायचा होतास. तिसऱ्यांदा, चौथ्यांदा लावायचा होतास. चाचीला एक हाक मारायची होतीस! इतका कसा गं धीर धरलास? तुझ्यावर राग येतो मला. हो, येतो. रात्रंदिवस हाच प्रश्न विचारत होतो, आणि उत्तर मला परवा चाचीने दिलं, तेही तिला कळलं नाही की ती काय देतेय.

परवा मंडपाचं बोलायला आली होती. मी नाही नाही म्हणत होतो. बोलता बोलता म्हणाली, "गणू, ह्या बायांला ते बी सांग बाबा, मिस कॉल नका मारू, पूरा वाजू द्या. तुझ्या मायला मी कित्ती बार बोल्ली. ऐकलीच न्हाई कधी."

"काटकसर होती तिची, चाची."

"कायची काटकसर?" चाची माझ्याकडे बघतच राहिली. "अरे, ती म्हन्ली, पोरगं खांबावर असंल. फोन वाजत राह्यला तर जल्दी जल्दी काढायला जाईल, हात सोडंल, आन् पडंल. मंग एकच रिंग द्यायची. खाली उतरला की करंल बराबर, म्हन्ली. बिलकुल पक्कं होतं तिचं."

चाची गेल्यावर मी कोठीला टेकून बसलो आणि लहान पोरासारखा रडलो. कडी लावून घेतली होती, तरी चाचीला ऐकू गेलं असणार.

दोन वर्षं तुझी एक रिंग मला कटकट वाटत होती. त्या दिवशीसुद्धा, तसल्या दुखण्यात, तू माझे हात खांबावर राहावेत म्हणून फोन तोडलास. दोनदा तोडलास. आणि मी तुझी रिंग आल्याबरोबर एक हात सोडलाच होता, माय. खाली उतरलोच नव्हतो. तुला ज्याची भीती होती तेही केलं आणि तुला जे हवं होतं ते केलंच नाही.

मला माफ कर असं लिहिणार होतो. लिहवत नाही. तू लगेच करशील, म्हणून लिहवत नाही.

आता उद्याचं. वहीत 'एक'च्या पुढे आता लिहिलंय. मंडपात आधी तेच सांगणार. मिस कॉल आला की आधी साधा फोन लावायचा. नेटवरचा लागला नाही म्हणून माणूस बरं आहे असं समजायचं नाही. जिवाचं काही असेल तेव्हा राऊटर बघायचा नाही, रिंग मोजायची नाही, पूर्ण वाजू द्यायची आणि शेजाऱ्याला हाक मारायची. डेटा चालू ठेवायचा. मग राऊटरची जागा, कॅमेऱ्याची काच, ते सगळं नंतर. कुणी विचारलं, गणेशभाऊ, हे तुम्हाला कसं कळलं, तर तुझं नाव घेऊन सांगणार. रमेशपुढे काय म्हणालो तेही सांगणार. मंडपात चाची असेल. तिने ऐकल्यावर माझ्याशी बोलणं टाकलं तरी सांगणार.

राऊटर मी काढून नेणार नाही. मी इथे असलो की दुपारी जेवण झाल्यावर घटकाभर बंद करतो. खरंच तापतो गं.

आणि तुला एक वचन देतो. कुणाच्याही आईचा मिस कॉल येऊ दे, माझा हात खिशाकडे जाणार नाही. आधी दोन्ही हातांनी खांब धरून खाली उतरेन. पट्टा सोडेन. मग साधा फोन लावेन, आणि पलीकडून आवाज येईपर्यंत लावत राहीन.

दोन्ही पाय जमिनीवर ठेवून,
तुझा
गणू