वर आल्यावर सांग

अग्रहार, म्हैसूर
१२ जानेवारी २०२५

चि. अमूल्या हिस,
अप्पाचे आणि अम्माचे पोटभर आशीर्वाद. इकडे आम्ही दोघं ठीक आहोत. तू तिकडे जेवतेस का, आणि काय जेवतेस, ते आधी लिही.

तुझ्या त्या बेटावर फोन लागला तरी आपण दोघं नुसतं हॅलो हॅलो म्हणतो आणि लाइन जाते. म्हणून हे पत्र. उत्तर मराठीतच लिही. मधे कन्नड आलं तर इरली, असू दे, घरचंच आहे.

बेंगळूरची बरी नोकरी सोडून तू अंदमानात समुद्रात उतरायला का गेलीस, हे मला अजून समजलेलं नाही. पण फोनवर तू टेक्निकल डायव्हर होणार म्हणालीस, तेव्हा जीव जरा खाली बसला. चिदंबरला विचारलं. माझा हा मित्र कधी कुठल्या प्रश्नाला माहीत नाही म्हणत नाही, हे तुला ठाऊकच आहे. तो म्हणाला, टेक्निकल म्हणजे जहाजाचं रिपेअर. पाण्याखाली नट-बोल्ट आवळायचे, वेल्डिंग करायचं; डिप्लोमा मिळतो, मग सरकारी नोकरी. मी हिंगुलांबिकेच्या देवळात सगळ्यांना तसंच सांगितलं. आपल्या भावसारांतली अशी पहिलीच मुलगी म्हणून समाजाच्या सभेत तुला शाल द्यायचं ठरतंय. पेन्शन आहे का, तेवढं विचारून ठेव.

सिलिंडरचं मी सांगतो, कारण सगळा जन्म गॅस एजन्सीच्या काउंटरवर गेला. सिलिंडर आडवा ठेवायचा नाही. आतली रबरी रिंग बघितल्याशिवाय रेग्युलेटर लावायचा नाही. साबणाचं पाणी लावून बघ, बुडबुडे आले तर गळती आहे. पाण्याखाली बुडबुडे आले तर काय समजायचं, ते तुझ्या सरांना विचार. ऑक्सिजन भरपूर भरून घे, तिथे काटकसर नको. श्वास रोखायची सवय कर. मी आणि चिदंबर रोज सकाळी ओट्यावर बसून करतो. आणि भीती वाटली की सरळ वर ये. लाजू नकोस.

लोभ आहेच. तो समुद्राखाली पोचतो का, ते कळव.
तुझा,
अप्पा


स्वराज द्वीप, अंदमान
२४ जानेवारी २०२५

ती. अप्पांस आणि सौ. अम्मास,
अमूल्याचा वाकून नमस्कार. जेवते. मासे आणि भात. अम्माचं सारू नाही मिळत.

अप्पा, आधी ती शाल थांबवा. मी जहाज रिपेअर करत नाही. पेन्शन नाही, पगारसुद्धा नाही. टेक्निकल म्हणजे एवढंच, की साधे डायव्हर जातात त्याच्या खूप खाली जायचं, जास्त वेळ राहायचं, आणि त्यासाठी पाठीवर दोन सिलिंडर, कुशीला आणखी. किनाऱ्यावरून होडीपर्यंत चालताना मी म्हैसूर दसऱ्यातल्या हत्तीसारखी दिसते, असं काव्या म्हणते. काव्या म्हणजे माझी जोडीदार, मंगळूरची. पाण्यात आम्ही एकमेकींना सोडायचं नाही असा नियम आहे.

सिलिंडरमधे नुसता ऑक्सिजन नसतो. खोल पाण्यात तो विषासारखा होतो, फिट येते. म्हणून आमच्या गॅसमधे फुग्यातला हेलियम मिसळतात. आणि श्वास कधी, कधीच रोखायचा नाही. रोखून वर आलं तर फुप्फुस फुटतं. चिदंबरमामांना ओट्यावरून उठवा.

चुकीचं मलाही वाटत होतं. मला वाटलं पहिल्याच दिवशी बुडालेलं जहाज, शार्क, असं काहीतरी. अय्यो, इतके दिवस आम्ही आपल्या घराच्या उंचीएवढ्याच पाण्यात आहोत. काम काय, तर एका जागी आडवं, न हलता तरंगायचं. काव्या देवघरातल्या समईसारखी स्थिर राहते. मी पुरीसारखी फुगून वर जाते. सर पाय धरून खाली ओढतात. मग मानेमागे हात नेऊन सिलिंडरच्या चाव्या न बघता फिरवायच्या. बोलता येत नाही, सगळं खुणांनी. अंगठा वर केला तर शाबास नव्हे; त्याचा अर्थ पुरे, वर चला. कुणीही केला तरी सगळ्यांनी निघायचं, का म्हणून विचारायचं नाही.

पण सरळ वर येता येत नाही. खोल राहिलं की गॅस रक्तात मुरतो, आणि घाईनं वर आलं तर सोड्याची बाटली उघडल्यासारखा फसफसतो. म्हणून दोरीला धरून मधे मधे थांबत यायचं. कितीही भीती वाटली तरी. हे अम्माला वाचून दाखवू नका.

माया आहे तशी राहू द्या, काळजी थोडी कमी चालेल.
तुमची,
अमूल्या


अग्रहार, म्हैसूर
६ फेब्रुवारी २०२५

चि. अमूल्या हिस,
आशीर्वाद, दोघांचेही.

वाचून दाखवू नका हे तू शेवटी लिहिलंस. मी पत्र पहिल्यापासून मोठ्यानं वाचत होतो. तुझ्या अम्मानं हातातली सोललेली लसूण तशीच ठेवली आणि देवघरात जाऊन बसली. परवा चिदंबर सोडा प्यायला बाटली घेऊन आला, तर तिने त्याला बाटलीसकट बाहेर काढलं. शाल थांबवली. अध्यक्षांना काय सांगावं सुचेना, म्हणून कोर्स लांबलाय म्हणालो.

काल फोनवर शिवरात्रीनंतरच्या गुरुवारी शेवटची परीक्षा आहे, असं ऐकू आलं. बरोबर ऐकलं का? तिथे मी येऊन बसू का? तुझी अम्मा विचारते, तुम्ही होडीवर बसून काय करणार. खरंच आहे. मी पोहणारा माणूसही नाही. पण इथे बसून तरी काय करणार, याचं उत्तर तिच्याकडे नाही.

लहानपणी तू गोकुलमच्या तरणतलावात पहिल्यांदा उतरलीस, तेव्हा मी काठावर टॉवेल धरून उभा होतो. आता टॉवेल घेऊन कुठे उभा राहू, ते सांग. परदेशी माणसं गोकुलमला योग शिकायला येतात. तसलं काहीतरी जमिनीवरचं तुला का नाही सुचलं?

मी तुझ्या प्रत्येक फोटोखाली मोबाईलवर जो अंगठा पाठवतो, तो यापुढे तुमच्या अर्थाने घ्यावा.

जीव तुझ्याकडे लागलेला,
अप्पा


स्वराज द्वीप
२८ फेब्रुवारी २०२५

ती. अप्पांस नमस्कार.
हे पत्र मी रागात लिहिते आहे. रडतही आहे. दोन्ही तुम्हाला सांगते, दुसऱ्या कुणाला सांगू.

काल दुपारी आमची होडी जेट्टीला लागली तेव्हा तिथे पोलीस उभा होता. स्ट्रेचर होतं. नारळपाणीवाल्यापासून सगळं बेट गोळा झालं होतं. पोलिसानं माझं नाव विचारलं, मग बाजूला नेलं आणि फार प्रेमानं विचारलं, की घरी काही त्रास आहे का, कुणी फसवलं का, आयुष्य फार मोठं असतं. मला काहीच समजेना. मग कळलं, की म्हैसूरहून कुणा वेंकटेश नावाच्या गृहस्थाचा फोन आला होता, मुलगी सकाळी समुद्रात जीव द्यायला गेली आहे. अप्पा, सर शेजारी उभे होते. काव्याला हसू आवरेना, आणि मला तेव्हा मरून जावंसं वाटलं.

कारण मी नापास होऊन वर आले होते.

खाली सगळं ठीक होतं. काटा ठीक, गॅस भरपूर. तरी अचानक मला श्वास पुरेना. जितका ओढावा तितका कमीच. खाली काळं निळं पाणी, वर काळं निळं पाणी. मी अंगठा वर केला. काव्यानं लगेच केला, सरांनी केला, आम्ही निघालो. आणि मग ते दोरीवरचं थांबणं. वर होडीचं पोट दिसत होतं, स्वच्छ, तिथे ऊन होतं, आणि मी जाऊ शकत नव्हते. मास्कमधे रडत होते. बाहेर समुद्र खारट, आत मी खारट. काव्या समोर आली, माझं कोपर धरलं, आणि सगळा वेळ नुसती डोळ्यांत बघत राहिली. तिचा श्वास बघून मी माझा घेतला.

सर म्हणाले, अंगठा दाखवलास हेच बरोबर केलंस, मला लपवणारे नकोत. पण परीक्षेची डाइव्ह पुरी झाली नाही, म्हणून कार्ड नाही. पुन्हा यायचं असेल तर ये. मला वाटतं, मला हे येत नाही. आयतु, संपलं.

मी घरी येऊ?
अमूल्या


अग्रहार, म्हैसूर
९ मार्च २०२५

चि. अमूल्या हिस,
तुझ्या पाठीवरून हात फिरवतो आहे असं समज.

त्या गुरुवारचं सांगतो. दुपारपर्यंत फोन येईल म्हणाली होतीस. आला नाही. तुझा लागेना, तुमच्या शाळेचा लागेना. चिदंबर म्हणाला, खराब हवेत होड्या परत येत नाहीत. इथे म्हैसुरात ऊन कडकडीत होतं, तरी मला खराब हवा दिसायला लागली. मोबाईलवर तिथल्या पोलिसांचा नंबर सापडला. ते हिंदी बोलत होते. तुमच्या त्या खाली जाण्याला हिंदीत काय म्हणतात, ते कुणाला माहीत? मी म्हणालो, लड़की डूबने गई है. पलीकडचा माणूस एकदम हळू आवाजात बोलायला लागला. मला वाटलं, किती सभ्य माणूस. त्यानं विचारलं, कब से? मी म्हणालो, जनवरी से.

चूक झाली. त्या पोलिसांना माझा नमस्कार सांग.

तुझं पत्र आल्यापासून अम्मा तुझी खोली झाडते आहे. घरी येऊ का म्हणून तू विचारावंस, याची मी रोज वाट बघत होतो. ते वाक्य आलं, आणि मला आनंद होईना. दोनदा बाहेर जाऊन आलो, तरी होईना. तू सायकलवरून पडून सायकल ढकलत घरी आली होतीस, त्या दिवशीसारखं वाटत राहिलं. घरी ये, कधीही ये, विचारायचं काय त्यात. पण आयतु म्हणून येऊ नकोस. मला त्यातलं काही कळत नाही, आणि मी थांब म्हटलं म्हणून तू थांबणार नाहीस आणि जा म्हटलं म्हणून जाणार नाहीस, हे मला कळून चुकलं आहे.

पुन्हा जायचं असेल तर एकच कर. आधी मला सांगू नकोस. वर ये, अंग पूस, जेव, आणि मग सांग. त्या दिवसासारखा दिवस पुन्हा माझ्याच्याने होणार नाही.

तू जे करशील त्यात लोभ धरून असलेला,
अप्पा


स्वराज द्वीप
२७ मार्च २०२५

ती. अप्पांस,
अमूल्याचा नमस्कार. परवा मंगळवारी जाऊन आले. वर आले, अंग पुसलं, जेवले.

भीती तेवढीच वाटली, कमी नाही. त्याच जागी श्वास पुन्हा कमी पडायला लागला. काव्यानं पाहिलं, मी बोटांनी खूण केली, थांब जरा. थांबले. मग आला. परत येताना दोरीवर अर्धा तास लटकून एक छोटा मासा बघितला. तो माझ्या बुडबुड्यांना कंटाळून निघून गेला. सरांनी कार्ड दिलं. नोकरी, पेन्शन अजून नाही. शाल नकोच.

आता एक सांगते. तुम्हाला सांगायचं नव्हतं, पण कुणालाच न सांगता जाणं मला झेपेना. म्हणून सोमवारी अम्माला सांगितलं.

मंगळवारी सकाळी तिने तुम्हाला सुम्ने, उगाचच, येलवालच्या नर्सरीत नेलं ना? तुमचा मोबाईल घरी फ्रिजवर राहिला, तो तिने ठेवला होता. तिचा तिच्या कमरेला होता. आधी लिंबाचं रोप घेतलं, मग ते परत देऊन पेरूचं घेतलं, मग माळ्याशी भाव करत बसली, आणि तुम्ही उन्हात उभं राहून वैतागलात, असं तीच काल फोनवर म्हणाली. तिला त्या रोपांतलं एकही दिसत नव्हतं, अप्पा.

जेट्टीवरून मी पहिला फोन तिला केला. तिने हॅलोसुद्धा म्हटलं नाही. जेवलीस का विचारलं, मी हो म्हणाले, तिने फोन ठेवला. त्यानंतरच ती तुम्हाला म्हणाली असेल, चला, घरी जाऊ.

तिच्याशी भांडू नका. आणि हे वाचाल त्या दिवशी तिला स्वयंपाक करू देऊ नका.

तुम्हा दोघांची,
अमूल्या