उजवं मागचं चाक

९ जून, सोमवार
पुन्हा बसलं! उजवं मागचं चाक, पार रिमवर. आज नित्याची शाळा सुरू. मामंजी तिला गाडीनं सोडणार असं ठरलं होतं – म्हणजे नातीला आजोबा आणि मला साडेआठच्या कॉलआधी बसून प्यायला एक कॉफी. कसलं काय! रिक्षासाठी तिचा हात धरून देवळाच्या तळ्यापर्यंत पळाले. कॉलवर धापा टाकत होते.

विश्वेश पहाटेच कंपनीच्या बसनं इरुंगाट्टुकोट्टैच्या कारखान्यात. दिवसभर गाड्यांचे ब्रेक बनवतो हा माणूस, आणि घरच्या चाकाचं काय? "टायरवाल्याला घरीच बोलव ना, अ‍ॅप आहे." अ‍ॅप आहे म्हणे! बायको आहे म्हण सरळ.

१० जून, मंगळवार
टायरची व्हॅन सकाळपासून "दोन मिनिटांवर". गल्लीच्या तोंडाशी भाजीची गाडी, तिच्यामागे पाण्याचा टँकर, त्याच्यामागे आमची व्हॅन. पोचली तीनला. आणि मामंजी दारात आडवे – "राहुकाल लागला. साडेचारपर्यंत चाकाला हात लावायचा नाही!" टायरवाला गिरीधर निमूटपणे पायरीवर बसला, दोन पेले ताक प्यायला. डोक्याला ताप फक्त मला.

नंतर त्यानं चाक काढून पाण्यात बुडवलं. एक बुडबुडा नाही. "पंक्चर इल्ले, अम्मा." व्हॉल्व्हची टोपी दाखवली, आतून पांढरी भुकटी लागलेली. मी म्हटलं, मीठ. समुद्र इथून हाकेवर, खिडक्यांचे गजसुद्धा खातो तो. गिरीधरनं मान हलवली, व्हॉल्व्ह बदलून दिला.

मामंजींनी कॉफी पुन्हा डवऱ्याच्या वाटीबाहेर ओतली. टेबल कोणी पुसलं? मीच.

१२ जून
बसलं.

१४ जून, शनिवार
नवं टायरच घातलं. एकदाची कटकट मिटली! गिरीधरनं व्हॅनमध्येच चढवलं, हवा भरली. मामंजी खुर्ची टाकून देखरेखीला. "वंडीला दृष्ट लागली," म्हणून गाडीच्या चाकाखाली लिंबू ठेवायला उठले, आणि ठेवलं वीतभर लांब. घाई फार यांना. मीच सरकवलं. मग मामंजींनी स्वतः गाडी काढली, गल्लीच्या टोकापर्यंत नेऊन आणली. येताना तुळशीची कुंडी आडवी केली, पण चेहरा काय खुलला होता! सोमवारसाठी शर्टाला स्वतः इस्त्री केली. अत्त्या, माझ्या सासूबाई, खिडकीत उभ्या होत्या. त्यांना कधी कशाचा आनंद झालेला मी पाहिला नाही, आज तरी का व्हावा?

१६ जून, सोमवार
बसलं!! नवं कोरं टायर! मामंजी इस्त्रीचा शर्ट घालून पायरीवर. नित्या दप्तर घेऊन त्यांच्या शेजारी. मला रडूच यायचं बाकी होतं.

गिरीधर संध्याकाळी येऊन हवा भरून गेला, जाताना म्हणाला – कोणीतरी हवा सोडतंय, अम्मा. कोणीतरी म्हणजे कोण? समोरचा राघोत्तम! गाडी लावण्यावरून कुरकुर त्याचीच असते. उद्या पहाटे रंगेहाथ पकडते. लाज काढते त्याची.

१७ जून, मंगळवार
पाचला खिडकीत बसले. राघोत्तम आला नाही. अत्त्या आल्या, पिठाचा डबा घेऊन, रोजच्यासारख्या. सडा घातला, ठिपके काढले, तांदळाच्या पिठाची रेघ फिरवत फिरवत मागच्या चाकापाशी पोचल्या. चाकावर हात टेकला. वाटलं, उठायला आधार घेतायत. उठल्या नाहीत. टोपी फिरवून काढली, अंबाड्यातला आकडा ओढला आणि व्हॉल्व्हमध्ये दाबून धरला. सूंऽऽ. मीठ कसलं, पीठ होतं ते!

अशी चिडले मी! धावत खाली गेले. एवढे दिवस माझी रोज तारांबळ, आणि या?

"हळू बोल, वाणी. त्यांस ऐकू येतें." मग म्हणाल्या, "ऐकू बरें येतें. दिसतच नाही."

त्यांनी सांगितलं ते असं – मे महिन्यात मामंजी गाडी मागे घेत होते, तेव्हा गेटपाशी नित्या उभी होती. तो पिवळा फ्रॉक घालून! त्यांना दिसली नाही. अत्त्यांनी तिला दंडाला धरून ओढलं. ओरडल्यासुद्धा नाहीत. पडून खरचटलंय तिला, एवढंच मला सांगितलं होतं. त्या खरचटण्याला हळद मीच लावली होती.

"डॉक्टरकडे चला म्हटलें तर म्हणतात, मज काय झालें? वंडी बिघडली तर वंडीवर रागावतात. डोळे बिघडले म्हटलें तर जेवायचे नाहीत. मी ओळखतें त्यांस."

आणि मी काय करत होते? त्याच गाडीत तिला बसवायला रोज टायरवाल्याला बोलवत होते. नित्याला उठवायला गेले आणि तिच्याशेजारी पडूनच राहिले.

१९ जून
विश्वेशला सगळं सांगितलं. म्हणतो, "तूच सांग ना अप्पांना. तुझं ऐकतात." धन्य! ब्रेक बनवतो म्हणे.

मामंजी माझ्यामागे लागलेत, "बोलाव त्या गिरीधरास!" लावते फोन, म्हटलं. लावला नाही. "खारी हवा हो, मामंजी," असंही म्हणाले. तोंड आपोआप खोटं बोललं.

२० जून, शुक्रवार
मामंजींनी शेजारच्या पोराकडून पंपानं हवा भरून घेतलीच. अत्त्या बहिणीकडे तंजावरला गेल्या, तिचं गुडघ्याचं ऑपरेशन. निघताना पिठाचा डबा माझ्या हातात दिला. वर अंबाड्यातला आकडा.

२१ जून, शनिवार
पहाटे गेले. सूंऽऽ. कोणी पाहील या धास्तीनं डबा न उघडताच आत पळाले. रांगोळी राहिलीच.

मामंजी आले, पायानं चाक चाचपलं, त्याला मनसोक्त शिव्या घातल्या. मग कोऱ्या अंगणाकडे बघत म्हणाले, "रांगोळी सुरेख घातलीस हो, वाणी."