अनुदानाची अट

१२ नोव्हेंबर

सिद्ध काय करायचे ते आधी मांडते. सार्वजनिक पैसा घेणाऱ्या बागायतदाराने मजुरांना माणसासारखे वागवलेच पाहिजे. न वागवल्यास अनुदान बंद. प्रश्न दयेचा नाही, अटीचा आहे.

अनुदानाचे नियम ठरवणाऱ्या समितीसाठी केलेल्या मसुद्यात पहिलीच अट — बागेत माणसे असताना औषध फवारायचे नाही.

भाऊ हसला. गावातली सर्वांत मोठी द्राक्षबाग त्याचीच. म्हणे, "ताई, जन्मभर तर्कशास्त्र शिकवलंस, आता आम्हाला द्राक्षं शिकवणार?"

शिकवीन!

१४ नोव्हेंबर

त्याच्याच बागेत गेले. बायका घड विरळत होत्या. दोन ओळी पलीकडे ट्रॅक्टर फवारत चालला होता. एकही हलली नाही. रुमाल नाकावर, कात्री चालूच.

टोळीची म्होरकी म्हणाली, "वेलीला औषध विकत, आम्हाला फुकट!" सगळ्या हसल्या. तिचे डोळे लालभडक.

"समितीपुढे हे सांगाल?"

"सांगेन की! पण बोलणारीला कामावरून काढायचं नाही, हेही लिहा, बाई."

लिहिले.

१९ नोव्हेंबर

सभा. "आम्ही अन्नदाते आहोत!" — एक मालक. मी म्हटले, अन्नदाता पदर पसरतो तेव्हा तो याचकही असतो. याचकाने अटी ऐकून घ्याव्यात. बराच गलका झाला. होऊ दे!

म्होरकी उभी राहिली, न अडखळता बोलली. भाऊ माझ्याकडे नव्हे, तिच्याकडे पाहत होता.

ठराव मंजूर. युक्तिवादाचा पाया भक्कम होता — सरकारी पैशावर पाणी सोडणारा मालक अजून जन्मायचा आहे.

२१ नोव्हेंबर

भावाचा फोन. "तुझं अनुदान तुलाच लखलाभ. बाग माझी आहे, ताई."

त्याने अर्जच मागे घेतला. म्हणजे एकही अट त्याला बांधत नाही.

२२ नोव्हेंबर

म्होरकी भेटली. तिला कामावरून काढलेले नाही. उद्या फवारणी आहे. तिला ट्रॅक्टरच्या अगदी लगतची ओळ नेमून दिली आहे.

चूक कबूल करते. लोभापुढे मालकाचे काही चालत नाही, असे मी गृहीत धरले. अहंकार लोभालाही विकत घेतो — हे त्याच्याच घरात वाढून मला कळू नये! मागणीतला मात्र एक शब्दही मागे घेत नाही.

उद्या सकाळी त्या ओळीत, तिच्या शेजारी मी उभी असेन. फवारायचेच असेल तर त्याने सख्ख्या बहिणीवर फवारावे.

सही —
त्याची ताई