सहाचा हादरा आणि गेनचा पेच

६ जानेवारी
वही, लिहायला उशीर झाला, माफ कर. नव्या वर्षात रोज लिहायचं ठरवलं होतं. पाच दिवस हुकले. कारण मेहुणा.

हा हिचा धाकटा भाऊ. धंद्याने वायरमन. राहतो आमच्या अगदी समोर. रोज संध्याकाळी सहाला गाडी घेऊन घरी येतो आणि गाडीतल्या बेसच्या डब्याने, म्हणजे धडधडणाऱ्या मोठ्या स्पीकरने, माझं कपाट हादरतं. आतले कप वाजतात. मला कानाने कमी ऐकू येतं, पण हादरा पायांतून कळतो. पंपांच्या कारखान्यात तेहतीस वर्षं फिटर होतो. तळवा टेकवून मशीनचा आजार सांगायचो. आज सहाला भिंतीवर तळवा टेकवला. निदान पक्कं. मेहुणा.

७ जानेवारी
हिला सांगितलं. म्हणाली, त्याच्या नादी लागू नका, आधी पाण्याच्या मोटरखाली रबर बसवा, आठ महिने सांगतेय. सहाला नळाला पाणी येतं तेव्हा ही मागची मोटर लावून वरची टाकी भरते, त्यातच हिचं सगळं लक्ष. घरावर हल्ला चाललाय आणि हिला रबर सुचतंय. रबर आणलेलं आहे. फक्त कापायचं राहिलंय.

९ जानेवारी
मेहुण्याला फाटकात गाठलं. डबा बंद कर म्हटलं. हसला. म्हणे, डिकीत गॅसची टाकी बसवली तेव्हाच डबा काढला, दाजी, दीड वर्ष झालं. डिकी उघडून दाखवायला निघाला. मी पाहिली नाही. जो माणूस आपणहून डिकी उघडतो, त्याने माल आधीच हलवलेला असतो.

याच मेहुण्याने माझ्या निवृत्तीच्या दिवशी चारचौघांत सांगितलं होतं, की दाजी बोलायला लागले की चालू मशीनसुद्धा बंद पडतं. सगळे हसले. हीसुद्धा. चौदा वर्षं झाली. विसरू नये म्हणून दर वर्षी वहीत लिहून ठेवतो. या वर्षीचं लिहून झालं.

ठराव: आपणही डबा घ्यायचा, दांडगा. सहाच्या ठोक्याला त्याचे कप वाजवायचे.

१३ जानेवारी
डबा आला. बारा इंची सबवूफर, माझ्या गाडीची डिकी भरून. अँप्लिफायर सीटखाली. दुकानदाराने वायरी जोडल्या, पण त्याचा मीटर बिघडलेला, अँप्लिफायरवरचा गेनचा पेच लावायला परवा या म्हणाला. मी फिटर असल्याचं सांगितलं. मग त्याने कागदावर लिहून दिलं: स्पीकरची वायर काढा. गाडीच्या टेपचा आवाज पाऊण ठेवा. एकसुरी टोन लावा. अँप्लिफायरला मीटर लावून गेनचा पेच हळूहळू फिरवा. अठ्ठावीस व्होल्ट दिसले की थांबा. मग स्पीकर जोडा.

वर म्हणाला, "काका, गेन म्हणजे आवाज नव्हे. टेप आणि अँप्लिफायरची सोयरीक जुळवायची असते, एवढंच."

मला सोयरिकीचं शिकवतो. माझी सोयरीक समोरच राहते.

१४ जानेवारी
माझ्याकडे मीटर नाही. हिने परस्पर भावाला सांगितलं. तो मीटर घेऊन दारात हजर. शत्रूच्या मीटरने तोफ लावतात का? परत पाठवला. जाता जाता म्हणाला, पेच पूर्ण फिरवू नका दाजी, स्पीकरची कॉइल जळेल. धमकी. म्हणजे घाबरलाय.

कागद पुन्हा वाचला. अठ्ठावीसला थांबा म्हणे. कारखान्यात अर्धा पेच सोडला की मुकादम सगळ्यांसमोर झाडायचा. पेच म्हटला की पुढे जात नाही तोवर आवळायचा. तेहतीस वर्षांत माझा एकही पेच ढिला निघालेला नाही. गेन शेवटपर्यंत फिरवला. कागदाची घडी करून डगमगणाऱ्या खुर्चीखाली घातली.

१५ जानेवारी, ५.४०
गाडी उलटी लावली. डिकी त्याच्या खिडकीकडे. वीस मिनिटं उरली. डिकीची काच तीनदा पुसली. रागाने.

त्याच दिवशी, ७.१५
वाजवला. मला फारसं ऐकू आलं नाही म्हणून टेपही पूर्ण वाढवला. छातीत धडधड बसली. समोरची खिडकी उघडली, मेहुणा दोन्ही हात हलवत होता. शरणागती. मी थांबलो नाही.

मग ही आली, गाडीच्या काचेवर थापा मारत. काच खाली केली. म्हणाली, हा काय आवाज आहे का, फाटका पत्रा ओढल्यासारखा, बंद करा. मी म्हटलं, मी की तुझा भाऊ? आज तूच ठरव.

हिने डोकं काचेतून आत घातलं. मग अगदी माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "पंचेचाळीस वर्षांत पहिल्यांदा मला काही विचारलंत."

आणि पिशवी भरून समोर गेली. येईल. जेवायच्या वेळेला येईल.

१६ जानेवारी
आली नाही. डब्याला जळका वास. नव्या वस्तूला येतोच. मुख्य बातमी: सहाला कप वाजले नाहीत. पूर्ण विजय.

१७ जानेवारी
आजही कप गप्प. मेहुणा सहाला आला, मान खाली घालून घरात गेला. जिरली.

माझाही डबा गप्प. कागदी पडदा बोटाने दाबला तर आत खरखरला. कॉइल जळलीय. हरकत नाही, एका वारात काम झालं, दुसरा लागणार नव्हताच. चहा स्वतः केला. साखर सापडली नाही. मीठ सापडलं, तेही चहात घातल्यावर.

ही समोर कपडे वाळत घालताना दिसली. मेहुण्याचे शर्ट. इकडे पाहिलं नाही. सूड चालू आहे, पण कोण कोणावर उगवतंय ते आज नीट कळत नाही.

१९ जानेवारी
सकाळी नळ कोरडे. टाकी रिकामी. ही गेल्यापासून मोटर कोणी लावलीच नव्हती. संध्याकाळी सहाला लावली.

कप वाजले.

तोंडात शिवी घेऊन खिडकीकडे धावलो. समोर गाडीच नव्हती. खिडकीत ही एकटी उभी होती. शिवी गिळली.

मोटर बंद केली. कप थांबले. लावली. वाजले. सात वेळा केलं. मागे जाऊन मोटरवर तळवा टेकवला. तेहतीस वर्षांचा तळवा. बेअरिंग गेलेलं, खाली रबर नाही. मोटर बसवणारा फिटर मीच.

मेहुण्याने गुपचूप बिघडवली असेल? वायरमन आहे. शक्य आहे.
नाही. वरची ओळ खोडायची.

२० जानेवारी
बेअरिंग बदललं. रबर कापून बसवलं. रबराला दहा मिनिटं लागली. सहाला मोटर लावून कपाटासमोर खुर्ची टाकली. एकही कप हलला नाही. बराच वेळ बघत बसलो. एखादा वाजला असता तरी चाललं असतं.

हिला चिठ्ठी लिहून मेहुण्याच्या गाडीच्या वायपरखाली लावली. तो पोचवील. नक्कल अशी:

"मोटरखाली रबर बसवलं. कप हलत नाहीत, येऊन बघ. त्या दिवशी तुला विचारलं ते सोडून वेगळंच काही विचारायला हवं होतं. काय, ते अजून सुचलेलं नाही. भावाला सांग, अँप्लिफायर शाबूत आहे. पुढेमागे डबा बदलला तर गेन त्यानेच त्याच्या मीटरने लावावा, मी पेचाला हात लावणार नाही. मी हरलो असा अर्थ त्याने काढू नये. साखर कुठे असते? लवकर निरोप धाड. हाक मारलीस तर मला ऐकू येणार नाही, पण मी खिडकीतच बसलोय. नुसता हात केलास तरी कळेल."